मोहावरचा गुलाब

गोंदिया जिल्हा 1999 साली वेगळा झाला. त्यापूर्वी, भंडारा जिल्ह्याच्या तिरोडा तहसिलीतील बोदलकसा येथे माझी बदली झाली, तेव्हा 1917 साली पुऱ्या झालेल्या तलावाच्या पाळीखाली मिळालेल्या सरकारी बिऱ्हाडाच्या आवारात एक जुनाट मोह आणि एक तरणा आवळा एवढीच काय ती वृक्षसंपत्ती होती. झाडावर गुलाब चढवावा ही हौस मात्र मी सोबत आणली होती. बालपणी एका साहेबाच्या बंगल्यात 'मारेशाल नील' हा पिवळा, मान खाली घालून फुलणारा वेलीगुलाब पाहिला होता, आणि असे फूल उंचावरच शोभते, कारण पाहणारा खाली उभा असतो, हे तेव्हापासून मनात ठसले होते.

साहजिकच मी थोरले झाड निवडले. बुंध्यापासून चार हात दूर, मुळांचा अंमल जरा सैल असेल अशा जागी, खड्डा खणून, शेणखत घालून लाल वेलीगुलाबाचे कलम लावले. गुलाबाला तणावे नसतात, वेढे घेण्याची कलाही अवगत नसते. वाकडे काटे हेच त्याचे हात, आणि त्या हातांनी त्याने दोन पावसाळ्यांत पहिली फांदी गाठली.

परंतु त्या झाडाखालचा मोह वेचण्याची वहिवाट गावातल्या दोन घरांची होती, आणि तिची नोंद माझ्या दफ्तरात नसली तरी ती दफ्तराहून जुनी होती. चैत्रातल्या पहाटे टोपल्या घेऊन आलेल्या बायांपैकी एकीचे लुगडे लोंबत्या फांदीत अडकून टरकन फाटले.

"बाबू, मोहाच्या झाडाले काटे कायले जी?"

तिच्या स्वरात राग नव्हता. म्हणूनच मला उत्तर सुचेना. पुढल्या फाल्गुनात, फुले मोकळ्या जमिनीवर पडावीत म्हणून रिवाजाप्रमाणे पालापाचोळा पेटवला गेला, त्यात कलम बुडापासून होरपळले, आणि पावसाळ्यात जे फुटले ते डोळा भरलेल्या गुलाबाचे नव्हे, खालच्या रानटी खुंटाचे: बारीक पांढऱ्या फुलांचे घोस. तक्रार कोणाकडे करणार? झाडाची निवड माझीच होती.

मग पचमढीहून एका स्नेह्याने बँक्सिया गुलाबाचे छाटकलम आणून दिले. 1807 साली कँटनहून विलायतेच्या क्यू उद्यानात गेलेली आणि जोसेफ बँक्स यांच्या पत्नीच्या नावाने ओळखली जाणारी ही जात जवळजवळ निष्कंटक. तिला मी आवळ्यापाशी लावले, कारण त्याच्या बारीक पानांतून ऊन गाळून खाली उतरते. अर्थात काटे नाहीत म्हणजे हातही नाहीत. दर दोन वितींवर सुतळीने सैल बांधावे लागते. दसऱ्यानंतर इतर गुलाबांवर चालणारी कात्री मात्र हिला वर्ज्य, कारण फुले येतात ती जुन्या लाकडावर. तिसऱ्या वर्षी फिकट पिवळे चार-पाच घोस आले, फार नव्हे.

पुन्हा बदलीचा हुकूम आला, तेव्हा नव्या बाबूंना चार्ज देताना किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर सुतळीचा गुंडाही हवाली केला आणि छाटणीची मनाई कागदावर लिहून दिली.