दहावीनंतर प्लास्टिक?

दहावीचा निकाल लागला की आमच्या जव्हारमधल्या मुस्लिम घरांत सल्ल्यांचा मोसम सुरू होतो. मुलगा असेल तर आयटीआयला टाका, नाहीतर मामाच्या दुकानात बसवा, वर्षभरात पासपोर्ट काढू. मुलगी असेल तर आर्ट्स, पुढे डीएड जमलं तर बरं, नाहीतर स्थळं येतीलच. मी इथल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि संध्याकाळी घरी काही मुलांना उर्दू शिकवते. त्यामुळे हे सगळे सल्ले माझ्या ओट्यावर बसूनच दिले जातात. त्यांत ‘पॉलिमर’ हा शब्द पहिल्यांदा आला तो एका भंगारवाल्याच्या मुलीमुळे.

तिच्या अब्बांचं दुकान मोखाड्याच्या रस्त्याला आहे. शाळेतून आली की ती माल वेगळा करायला बसायची. नववीत विज्ञानाचे सर घनता शिकवत होते, तेव्हा ती उभी राहून म्हणाली, “सर, हे आम्ही रोज करतो.” आणि खरंच करत होती. प्लास्टिकचा तुकडा पाण्याच्या बादलीत टाकायचा. बुडाला तर पाण्याच्या बाटलीचा किंवा पीव्हीसी पाइपचा, तरंगला तर कॅनचा, ड्रमचा नाहीतर खुर्चीचा. मग नखाने ओरखडा काढायचा, वाकवायचा, आवाज ऐकायचा. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात 1 असेल तर पेट, 2 असेल तर कॅनचं जाड पॉलिथीन, 5 असेल तर पॉलिप्रॉपिलीन. चुकीचा माल एकत्र झाला की व्यापारी भाव पाडतो, म्हणून घरातल्या लहानग्यालाही हे पाठ. सरांनी ती गोष्ट मला मधल्या सुट्टीत सांगितली आणि म्हणाले, हिला या विषयाचं कॉलेज असतं हे कोणी सांगितलं नसणार.

असतं, आणि बरंच जुनं असतं. मुंबईत 1933 साली सुरू झालेली, माटुंग्याला असलेली, पूर्वी यूडीसीटी म्हणून ओळखली जाणारी आणि आता आयसीटी झालेली संस्था पॉलिमरमध्ये बीटेक देते. तिथे बारावी सायन्स आणि सीईटीचे फार वरचे गुण लागतात. जळगावच्या विद्यापीठात आणि नागपूरच्या लक्ष्मीनारायण संस्थेतही हा विषय पदवीला आहे. पण आपल्या बहुतेक घरांचा प्रश्न बारावीपर्यंत जातच नाही, दहावीलाच उभा राहतो. त्यांच्यासाठी दोन दारं मला महत्त्वाची वाटतात. एक, विलेपार्ल्याचं भागूभाई मफतलाल पॉलिटेक्निक, जिथे प्लास्टिक इंजिनिअरिंगचा डिप्लोमा आहे. दुसरं, केंद्र सरकारची सिपेट ही संस्था. ती 1968 मध्ये मद्रासला सुरू झाली. महाराष्ट्रात तिचं केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे, आणि आपल्याला जवळ पडेल असं गुजरातमध्ये वलसाडला. सिपेटमध्ये दहावीनंतर तीन वर्षांचे दोन डिप्लोमा आहेत, एक प्लास्टिक तंत्रज्ञानाचा आणि दुसरा साच्यांचा. प्रवेशासाठी त्यांची वेगळी परीक्षा असते.

हे तिच्या अब्बांना सांगायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, “मॅडम, प्लास्टिक तर सरकार बंद करतंय. मुलीला बंद पडणाऱ्या धंद्यात घालू?”

प्रश्न रास्त होता. 23 मार्च 2018 ला राज्याने बंदीची अधिसूचना काढली, तेव्हा जव्हारच्या बाजारात काही दिवस कापडी पिशव्या दिसल्या. 1 जुलै 2022 पासून देशभरात प्लास्टिकच्या प्लेटा, कप, स्ट्रॉ यांवर बंदी आली. पण बंदी आहे ती एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर. मोखाड्याच्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायका पाण्याला जातात तेव्हा डोक्यावर पितळेचा हंडा क्वचितच असतो, हलका प्लास्टिकचाच असतो. (मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे, आणि हंडे घेऊन चालणाऱ्या बायकाही याच तालुक्यात आहेत. तो विषय वेगळा, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.) पावसात भात लावताना पानांच्या इरल्याच्या जागी प्लास्टिकचा कागद आला. मोगऱ्याच्या बागेतली ठिबकची नळी, ग्रामीण रुग्णालयातली सलाइनची बाटली आणि सुई सोडून सगळी सिरिंज, घरातल्या वायरीचं आवरण, मोटारसायकलचं मडगार्ड, हे काही उद्या बंद होत नाही. शिवाय 2022 च्या नियमांनी उत्पादकांवर त्यांच्या पॅकिंगचं प्लास्टिक परत गोळा करून त्यावर प्रक्रिया करण्याची जबाबदारी टाकली. जुन्या मालापासून नवा माल करायचा तर तो तपासणारं, त्यात काय मिसळलंय ते सांगणारं शिकलेलं माणूस लागतं. मी त्यांना म्हटलं, भाई, हा तर तुमचाच धंदा, फक्त पुढचा मजला.

पण त्यांच्या मनात खरी अडचण मोठ्या मुलाची होती. तो सिल्वासाला प्लास्टिकच्या कारखान्यात मशीनवर आहे. बारा तासांची पाळी. मशीनचं दार उघडायचं, गरम पीस काढायचा, कडेचा जास्तीचा भाग ब्लेडने कापायचा, दार लावायचं. दिवसातून शेकडो वेळा. प्लास्टिकचं काम म्हणजे हे, असं त्या घराने पाहिलेलं. तिथे मुलीला कोण पाठवेल?

मी त्या मुलाशीच बोलले, तो बकरी ईदला घरी आला होता. त्याने सांगितलेली एक गोष्ट मला पुस्तकांपेक्षा जास्त समजावून गेली. पावसाळ्यात त्यांच्या मशीनवर नायलॉनच्या पीसांवर चांदीसारख्या रेघा येऊ लागल्या. माल नापास व्हायला लागला. सुपरवायझरने मशीनचं तापमान कमी-जास्त केलं, काही होईना. मग एक तरुण इंजिनिअर आला. त्याने मशीनला हात लावला नाही, दाण्यांची गोणी कधी उघडली ते विचारलं. ती रात्रभर उघडी होती. नायलॉन हवेतला ओलावा पितो आणि वितळताना त्याच ओलाव्याची वाफ होऊन रेघा उमटतात. दाणे ड्रायरमध्ये नीट वाळवल्यावर माल सुधारला. “त्याला बघूनच कसं कळलं, मॅडम?” हा त्या मुलाचा प्रश्न. वय दोघांचं सारखंच, कारखाना एकच, मशीनही तेच.

ज्याला ते कळलं त्याने तीन-चार वर्षं हेच शिकण्यात घालवली होती. पॉलिमर म्हणजे तसबीहसारखी माळ. एकसारखे लहान रेणू हजारोंच्या संख्येने एकात एक ओवले जातात. कापूस, रेशीम, लाकूड या कुदरतने ओवलेल्या माळा, प्लास्टिक ही माणसाने ओवलेली. माळा सुट्या असतील तर गरम केल्यावर पुन्हा वितळतात, जशी बादली. एकमेकींना गाठी मारलेल्या असतील तर वितळत नाहीत, जळतात, जशी कुकरची काळी मूठ. डिप्लोमात आधी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि ड्रॉइंग असतं. मग साचे, मशीन, चाचण्या, संगणकावर डिझाइन आणि प्रत्यक्ष कारखान्यातलं प्रशिक्षण. डिप्लोमा चांगल्या गुणांनी झाला तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो.

नोकरीचं खरं सांगते, कारण जाहिरातीत सगळंच गोड असतं. ही शाखा लहान आहे. सरकारी भरतीत स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत ही नावं सतत दिसतात, प्लास्टिक क्वचित. ज्याला जव्हारमध्येच राहून सरकारी नोकरी करायची आहे त्याने इकडे वळू नये. काम आहे ते वसई, भिवंडी, तारापूर, वापी, दमण, सिल्वासा, चाकण, जळगाव इथे. म्हणजे बरंचसं आपल्या जिल्ह्याच्या कुशीत आणि कुंपणाजवळच, पण घरापासून लांब. पहिला पगार पाहुण्यांना अभिमानाने सांगावा असा नसतो आणि पाळ्या चुकत नाहीत. मात्र ज्याला साचा समजतो किंवा मालाची पारख आहे, तो फार काळ त्या पगारावर राहत नाही. आखाताचा विचार करणाऱ्या घरांनी हेही लक्षात घ्यावं की सौदीतल्या जुबैल आणि यान्बूचे मोठे कारखाने प्लास्टिकचा कच्चा मालच बनवतात. तिथे हेल्पर म्हणून जाणं आणि डिप्लोमा घेऊन जाणं यांत व्हिसाच्या रकान्यापासून फरक पडतो.

मुलीसाठी मला स्वतःला चाचणी आणि गुणवत्ता विभाग योग्य वाटतो. प्रयोगशाळेत नमुना ओढून, वाकवून, तापवून पाहायचा आणि पास-नापास लिहायचं. ती म्हणाली, तिला साच्यांचं आवडेल. मी गप्प बसले, शिकायचं तिला आहे.

सगळ्यात मोठा डोंगर भाषेचा होता. तिथली पुस्तकं इंग्रजीत. मग आम्ही तीन रकान्यांची वही केली. घनता, कसाफत, डेन्सिटी. तापमान, दर्जा-ए-हरारत, टेम्परेचर. पुढे एक शब्द असा आला की मराठीत विष्यंदिता, उर्दूत लुजूजत, आणि इंग्रजीतल्या व्हिस्कॉसिटीइतकेच दोन्ही परके. शेवटी वहीत लिहिलं, ‘काकवी आणि पाणी यांच्यातला फरक’. पॉलिमर कसे वाहतात या विषयावर ज्यांनी संशोधन केलं ते डॉ. रघुनाथ माशेलकर गोव्यातल्या माशेलचे. वडील लहानपणीच गेले, आईने मुंबईत कष्ट करून शिकवलं. 1966 मध्ये ते त्याच माटुंग्याच्या संस्थेतून केमिकल इंजिनिअर झाले आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. हे मी तिच्या अम्मीला सांगितलं. तिने फक्त एवढंच विचारलं, “त्यांच्या आईने एकटीने?”

मुलगी आता संभाजीनगरला दुसऱ्या वर्षाला आहे. वसतिगृहात राहते, नाशिकमार्गे एसटीने जाते-येते. खर्च जड जातो, लपवण्यात अर्थ नाही. ज्या घरांना हा विचार करायचा आहे त्यांनी निकालाची वाट न पाहता उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल आणि जात लागू असेल तर तिची कागदपत्रं एप्रिलमध्येच काढून ठेवावीत. ऐनवेळी तहसीलच्या रांगेत दिवस जातात आणि तारीख टळते. शिक्षणकर्जासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडेही चौकशी करावी.

राहिला तिचा भाऊ. मागच्या महिन्यात त्याने मला फोन केला होता. आयटीआयला प्लास्टिक प्रोसेसिंग ऑपरेटरचा कोर्स असतो, तो दहावीवर मिळतो, हे त्याला बहिणीनेच सांगितलंय. त्याला जायचं आहे. पण त्या काळात त्याचा पगार बंद होईल, आणि त्याच पगारातून बहिणीची मेस भरली जाते. तिचा डिप्लोमा होईपर्यंत थांबायचं की आता रजा काढून बघायचं, यावर घरात अजून बोलणं चालू आहे.