खोकायच्या आधी

आमच्या देवळी तालुक्यातल्या गावात बायका ‘अंग बाहेर येते’ असं म्हणतात तेव्हा आवाज आपोआप खाली जातो. निंदणाला ओळीत बसलेल्या असताना एखादी हळूच बोलते, दुसरी ‘मायंही येते वो’ म्हणते आणि विषय संपतो. अंग म्हणजे गर्भाशय. ते खाली सरकतं, मग योनीच्या तोंडाशी येतं, आणि काहींचं खोकताना, उकिडवं बसताना चक्क बाहेर दिसतं. इंग्रजीत याला प्रोलॅप्स म्हणतात. हा शब्द मी पुण्यात नोकरीला लागल्यावर मोबाईलवर वाचला. मराठी शब्द मात्र मला शाळेच्या वयापासून माहीत होता, आणि तो आजाराचा शब्द आहे असं कधी वाटलंच नव्हतं. पाठ दुखते, गुडघे दुखतात, तसं अंग येतं.

आईचं अंग किती वर्षं येत होतं, तिलाही नेमकं सांगता आलं नाही. ‘तू कॉलेजले गेली तवापासून असंन,’ म्हणाली. तीन बाळंतपणं, प्रत्येक वेळी सव्वा महिना झाला की वावर. कापूस वेचायचा म्हणजे दिवसभर वाकायचं, कमरेच्या फडक्यात बोंडं साठवायची आणि संध्याकाळी गाठोडं डोक्यावर घेऊन मोजायला न्यायचं. पैसे किलोवर, त्यामुळे गाठोडं हलकं ठेवण्यात कोणाचाच फायदा नाही.

पोळ्याच्या आठवड्यात वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात तिची पिशवी खालून काढली आणि सैल पडलेल्या भिंतींना टाके घातले. ऑपरेशन चांगलं झालं. सुट्टीच्या कागदावर गोळ्या होत्या आणि शेवटी एक ओळ: वजन उचलू नये. किती वजन, किती दिवस, आणि उचलायचं नाही तर घरातलं पाणी कोण भरणार, यातलं काहीच नव्हतं.

मी दीड महिन्याची सुट्टी आणि वर्क फ्रॉम होम असं जुळवून घरी आले होते. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की आई दिवसातून तीनदा लुगडं बदलते. विचारलं तर उत्तर नाही. शेवटी रात्री दिवा मालवल्यावर म्हणाली, ‘खोकलं का लघवी निंगते वो. पहिले नव्हती निंगत. अंग गेलं अन् हे आलं.’

तिला वाटत होतं ऑपरेशन बिघडलं. गावात दोघीतिघींनी तसं सांगितलंही होतं: पिशवी काढली की बाई गळकी होते. खरं कारण वेगळं निघालं. अंग खाली ओघळलेलं असतं तेव्हा ते लघवीची नळी दाबून धरतं, पाण्याचा पाईप मुडपल्यासारखी. म्हणून नळीचा आधार आधीच सैल झालेला असला तरी गळत नाही. ऑपरेशनने सगळं जागेवर नेलं की मुडप सरळ होतो आणि झाकलेला दोष उघडा पडतो. हे काही बायकांच्या बाबतीत होतं, सर्जनना ते ठाऊक असतं. ऑपरेशनआधी दोन मिनिटं काढून कोणी सांगितलं असतं, तर आईचे तीन आठवडे भीतीत गेले नसते.

सहाव्या आठवड्याच्या तपासणीला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी फिजिओथेरपीची चिठ्ठी दिली. आई वैतागली. ‘आता हे कायले? मले काय लकवा मारला?’ फिजिओ म्हणजे हात-पाय हलवून घेणारे, एवढीच गावाची समजूत. विभागात भिंतीवर गुडघ्याची आणि खांद्याची चित्रं होती. आमचं काम पडद्यामागे होतं.

फिजिओबाई वयाने माझ्याएवढ्या. त्यांनी आधी हाताची ओंजळ करून दाखवली. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची अशी ओंजळ असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्यावर टेकलेले असतात. ‘काकू, पिशवी काढली तरी ओंजळ तीच राहिली ना? तीच सैल असेल तर वरचं पुन्हा घसरेल.’ मग विचारलं, ‘बोटाने तपासू का? नको असेल तर नको म्हणा.’ आई माझ्याकडे बघायला लागली. एवढ्या वर्षांत दवाखान्यात तिला कोणी असं विचारलं नसावं.

‘गॅस अडवल्यासारखं करा,’ फिजिओबाई म्हणाल्या. आईला हसू आवरेना. मग तिने केलं, आणि उलटं केलं: श्वास रोखून खाली जोर दिला, बाळंतपणात देतात तसा. हे फक्त आईचं नाही. अमेरिकेत 1991 साली 47 बायकांना हा व्यायाम नुसता तोंडी सांगून पाहिला, तेव्हा जेमतेम निम्म्या जणींना नीट जमला आणि पाव बायका गळती वाढू शकेल अशा पद्धतीने करत होत्या. म्हणूनच रील बघून किंवा कागद वाचून हे शिकू नये असं माझं ठाम मत झालंय. रीलमधल्या बाईला तुमचं पोट फुगलेलं दिसत नाही.

जमलं ते आईच्याच उपमेने. ‘म्हंजे विहिरीतून बादली वढल्यासारखं. वढायचं, दोर धरून ठेवायचा, मंग हळूच सोडायचा. धपकन नाई सोडायची.’ फिजिओबाईंनी ही उपमा लगेच वहीत लिहून घेतली. पाच सेकंद धरायचं, पुढे दहापर्यंत न्यायचं. एका वेळी आठ-दहादा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. मांड्या आणि ढुंगण आवळायचं नाही, श्वास चालू ठेवायचा. लघवी करताना मध्येच थांबवून सराव करायचा नाही. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, कारण रोजचं कुंथणं त्याच टाक्यांवर येतं. आणि सगळ्यात उपयोगाची युक्ती: खोकायच्या आधी, शिंकायच्या आधी, कळशी उचलायच्या आधी बादली वर ओढून धरायची.

या व्यायामाला केगेल म्हणतात, लॉस एंजेलिसच्या अर्नोल्ड केगेल या डॉक्टरांवरून. त्यांनी 1948 साली त्यावर लेख लिहिला, स्नायूंचा जोर मोजायचं यंत्रही बनवलं. आईला मात्र दुपारी टीव्हीवरच्या योगवाल्यांचा मूलबंध आठवला. हठप्रदीपिकेत तो आहेच, अपान वर ओढण्यासाठी सांगितलेला. तिथे हेतू योग्याचा. लुगडं कोरडं राहावं हा विचार त्यात कुठे नाही.

मला शंका काढायची सवय आहे, म्हणून मी शोधत बसले. निघालं ते सरळ नव्हतं. प्रोलॅप्सच्या ऑपरेशनला जोडून सगळ्यांनाच हा व्यायाम दिला तर फायदा होतो का, हे अमेरिकेत 374 बायकांवर तपासलं गेलं, 2014 साली ते छापून आलं. सहा महिन्यांनी लघवीच्या तक्रारींत किंवा दोन वर्षांनी अंग पुन्हा येण्यात फरक दिसला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात, ऑपरेशन न झालेल्या 447 बायकांपैकी ज्यांना एकेकीला बसवून शिकवलं त्यांचा त्रास वर्षभराने कमी झाला होता. फिजिओबाईंना विचारलं तर त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘अंग परत येणारच नाही असं मी लिहून देत नाही. खोकताना गळतं, त्यासाठी हे देतेय, आणि तिथे उपयोग होतो. पण काकू पाच वर्षं आधी आल्या असत्या तर जास्त हातात होतं.’

पाच वर्षं आधी कुठून येणार? डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग आधी वर्धा परिसरात काम करत होते, मग गडचिरोलीला गेले. तिथल्या दोन गावांत त्यांनी केलेली पाहणी 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. 650 बायकांपैकी 92 टक्के जणींना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. त्या पाहणीनंतर माझा जन्म झाला, मी मोठी झाले, नोकरीला लागले. आमच्या जिल्ह्यात सेवाग्रामला 1969 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगीला दुसरं आहे, तिथेच फिजिओथेरपीचं कॉलेजही आहे. शहराच्या दोन अंगांना एवढी इस्पितळं, आणि तालुक्यातली बाई मात्र पिशवी काढायची वेळ आल्यावरच तिथे पोचते. ऐन निंदणात रोजी बुडवून ‘आठ-दहादा आवळा’ ऐकायला कोण जाईल? आमच्या फेऱ्या जमल्या त्याचं एक कारण एसटीचं अर्धं तिकीट, हे मी आईच्या तोंडूनच ऐकलं.

एक गंमत अशी की या सगळ्यात मोठे बाबा शिकले. त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेलं, धोतर ओलं होतं म्हणून त्यांनी कीर्तनाला जाणं सोडलेलं. ओंजळ पुरुषांनाही असते हे त्यांना पटवायला मला धीर झाला नाही. आईने ओसरीवरून, डोक्यावरचा पदर न हलवता, त्यांच्या सुनेला मोठ्याने सांगितलं, म्हणजे त्यांना ऐकू जाईल असं.

बाराव्या आठवड्यात आई खोकताना कोरडी राहायला लागली. शिंक अचानक आली तर अजून थोडं होतं. तोवर कापूस फुटला होता. ‘जाऊ नको’ म्हणणं मला परवडतं, तिला नाही. फिजिओबाईंनीही तिला घरी बसवलं नाही. गाठोडं निम्मं करायला सांगितलं, उचलायच्या आधी बादली ओढायला सांगितली, आणि डोक्यावर चढवायला दुसरीचा हात घ्यायला.

आता ती एका गाठोड्याच्या दोन फेऱ्या करते. त्यात वेळ जातो, वेचा सहा-सात किलोने कमी भरतो. दुसरा हात ज्या शेजारणीचा घेते तिचंही अंग येतं, चार वर्षं झाली. पुढच्या मंगळवारी दोघी वर्ध्याला जाणार आहेत, ऑपरेशनसाठी नाही. शेजारीण फोनवर मला विचारत होती, ‘ते म्याडम बोटानं तपासते म्हणते तुयी माय. दुखते काय वो?’ मी उत्तर द्यायच्या आत मागून आईचा आवाज आला, ‘नाई दुखत. पह्यले पुसते ते.’