उलाढाल म्हणजे कमाई नव्हे!

मंडळी, मोबाईल उघडला की आठवड्यात एक तरी बातमी दिसतेच: 'एका एकरात टोमॅटो, शेतकऱ्याची लाखोंची कमाई'. खाली अभिनंदनाचा पाऊस. मी मात्र आधी बघतो, हा आकडा पट्टीचा की खर्च वजा जाता उरलेला? बहुतेक वेळा पट्टीचाच निघतो.

सगळ्या पट्ट्यांची बेरीज म्हणजे उलाढाल, एकूण विक्री. शब्द वाईट नाही. माल विकणाऱ्या दुकानदाराला जीएसटी नोंदणीची 40 लाखांची मर्यादा उलाढालीवरच लागते, नफा असो वा तोटा. पण घर चालतं ते नफ्यावर.

साधा हिशेब करू. समजा एकरी 1000 क्रेट निघाले, सरासरी 300 रुपये भाव मिळाला. झाले 3 लाख. बातमी इथंच संपते. रोपं, मल्चिंग, बांबू-तार, खतं, फवारण्या, तोडणीची मजुरी, गाडीभाडं, हमाली-तोलाई मिळून 1 लाख 80 हजार गेले, तर उरले 1 लाख 20 हजार. त्यात नवरा-बायको चार-पाच महिने राबले, त्यांची मजुरी धरलेलीच नाही. केंद्राचा कृषी मूल्य आयोग हमीभावाच्या पिकांचा खर्च काढताना घरच्यांची मजुरी मोजतो. 'सी-2' खर्चात तर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याजही येतं. मग आपणच का सोडतो?

माझ्या चुलतभावानं अशीच बातमी वाचून 2023 मध्ये बायकोचे दागिने गहाण ठेवून लागवड केली. जुलैत शहरात टोमॅटो शंभरीपार होता. त्याचा माल सप्टेंबरात आला, तेव्हा भाव इतका पडला की तोडणीही परवडेना. उलाढाल त्याचीही झालीच की! दागिने अजून सुटलेले नाहीत. त्याच्यावर कुणी बातमी केली नाही.

म्हणून पत्रकार मित्रांना आणि यूट्यूबवाल्यांना विनंती, 'कमाई' लिहिण्याआधी दोनच प्रश्न विचारा. खर्च किती झाला? आणि मागच्या तीन वर्षांत याच पिकात काय उरलं होतं? उत्तर मिळालं नाही, तर सरळ 'विक्री' लिहा.

आणि तुम्ही वाचणारे, शेअर करण्याआधी हेच दोन प्रश्न कमेंटमध्ये टाका. कुणीतरी तो आकडा बघून सोसायटीत कर्जाचा अर्ज भरत असतो.