दोन भाषांमधलं मूल

आमच्या कामाला मराठीत अजून धड नाव मिळालेलं नाही. सरकारी कागदावर आम्ही 'वाक्-श्रवण तज्ज्ञ', दारावरच्या पाटीवर 'स्पीच थेरपिस्ट', आणि नातवाचं बोट धरून येणाऱ्या आज्यांच्या तोंडी 'बोलायला शिकिवणारी बाई'. मला हे तिसरं नाव सगळ्यांत आवडतं, जरी ते निम्मंच खरं असलं तरी. कारण हे काम शिकायला गेलं की पहिले कित्येक महिने बोलायला शिकवण्याचे नसतात, ऐकायला शिकण्याचे असतात.

मी शिकले म्हैसूरला. मानसगंगोत्रीच्या परिसरात १९६५ साली निघालेली अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था तिथे आहे. बेळगावच्या मुलीला म्हैसूर म्हणजे त्याच राज्यातलं गाव. पण माझी कन्नड तिथे पोचताच परकी ठरली. आमच्याकडची ती प्रत्येक शब्दाला 'री' लावणारी 'हौद्री', 'बर्री' ऐकून मैत्रिणी तोंडाला रुमाल लावत. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. उलट एखादी भाषा वेगळी असणं निराळं आणि बिघडलेली असणं निराळं, हे पुस्तकात यायच्या आधीच माझ्या कानाला कळलं. पुढे सगळं काम त्या एका फरकावर उभं राहिलं.

शरीरशास्त्र, स्वरयंत्र, कानाची रचना, श्रवणमापन हे सगळं होतंच. ध्वनिलिपी मात्र घाम काढी. मूल जसं बोललं तसंच लिहायचं, त्याला काय म्हणायचं होतं ते नाही. 'चार'मधला च आणि 'चांगला'मधला च आपण मराठी माणसं आयुष्यभर वेगळे उच्चारतो आणि एकाच अक्षरानं लिहितो. कन्नडमध्ये असा फरक नाही. मग बेळगावच्या मुलानं 'चांगला' म्हणताना 'चार'मधला च काढला, तर तो दोष समजायचा की शेजारच्या अंगणातली कन्नड? कागदावर खूण करण्याआधी हे ठरवावं लागतं.

मूल बोलत नाही म्हणून आणलं की पहिली तपासणी कानांची. घरोघरी मात्र त्याआधी बरंच काही होऊन गेलेलं असतं. वेखंड उगाळून चाटवलेलं असतं, नवस बोललेला असतो, कुणी तरी 'जिभेखालचा पडदा कापा' म्हणून सांगितलेलं असतं. पडद्याचा एखाद्या उच्चारावर परिणाम होऊ शकतो. पण त्यामुळे मुलाला शब्दच येत नाहीत, असं होत नाही.

नंतर यायचा भाषेचा नमुना. चटईवर बसायचं, भातुकली, चेंडू, खेळण्यातली बस मांडायची आणि मूल आपणहून जे बोलेल ते टेपवर घ्यायचं. आम्हांला ताकीद असे की 'हे काय? ते काय?' असं विचारत सुटायचं नाही. तसं केलं की मूल चौकीत बसल्यासारखं गप्प होतं. अर्ध्या तासाची टेप उतरून काढायला अख्खी दुपार जाई. मग वाक्यांची लांबी मोजायची. रॉजर ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९७३च्या पुस्तकातली ही रीत. शब्द नव्हे, शब्दाचे अर्थपूर्ण तुकडे मोजायचे. इंग्रजीला ते सोपं. मराठीत 'घरातल्यांना' या एका शब्दात किती तुकडे, यावर आम्ही वसतिगृहात जेवणाची घंटा होऊन गेली तरी भांडत बसलो होतो.

असो. परत येऊन बेळगावात बसले आणि कळलं, की आपल्या हातातली पुस्तकं बहुतेक एकभाषी देशांतली आहेत. पुण्याच्या मापानं पाहिलं तर 'मी काम केलो' हे चुकलेलं वाक्य. आमच्याकडे गल्लीतला निम्मा मोठा माणूस तसंच बोलतो. कन्नडमध्ये क्रियापद कर्त्यामागे जातं, तसं इथल्या मराठीतही ते गेलेलं आहे. त्याला आजार म्हटलं तर सगळा तालुकाच दवाखान्यात आणावा लागेल.

पण खरी अडचण वेगळीच. एक चार वर्षांचा मुलगा आला होता. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी. बोलणं दोन शब्दांपुढे जाईना. एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, 'तीन भाषांनी गोंधळलाय, एकच ठेवा.' शाळेनंही री ओढली. मग आईवडिलांनी इंग्रजी ठेवली आणि मराठी बंद केली. आईवडील दोघंही नोकरीला. मूल दिवसभर आजीपाशी. आजी मला म्हणाली, "बाई, मला कुठलं येतंय विंग्रजी? कम, ईट, गो, एवढं सांगतो आणि गप्पच बसतो बघा." दिवसाचे आठ तास ज्या तोंडातून त्या मुलाच्या कानावर भाषा पडत होती, तेच तोंड सहा महिने मिटलेलं होतं. सल्ला देणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं आणि त्यानं विचारलंही नव्हतं.

त्याचे कान उत्तम होते. मराठीतून पाहिलं, कन्नडमधून पाहिलं. 'वाटी आजीला दे आणि चेंडू आण' म्हटलं की दोन्ही भाषांत वाटी जाई, चेंडू राही. म्हणजे अडचण खरीच होती. फक्त भाषांच्या संख्येनं ती आलेली नव्हती. नवी शाळा, नवी भाषा यांमुळे मूल गप्प झालं असेल, तर निदान घरच्या भाषेत ते नीट बोलतं. भाषेचा मूळचा विकार मात्र मुलाच्या सगळ्या भाषांत दिसतो. अमेरिकेतल्या आयोवा भागात बालवाडीतल्या मुलांची मोठी पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. ती फक्त इंग्रजी बोलणारी मुलं, तरी शंभरात सुमारे सात जणांना हा विकार निघाला. २००३ साली कॅनडात जोहॅन पॅराडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विकार असलेली फ्रेंच-इंग्रजी मुलं एकभाषी मुलांशी ताडून पाहिली. व्याकरणात दुभाषी मुलं मागे नव्हती. दुसऱ्या भाषेनं त्यांचं काही हिरावलेलं नव्हतं.

मी आजीला बोलायला लावलं. धडे नाहीत, शेंगा फोडताना, अंथरूण घालताना, देवापुढे दिवा लावताना. तो 'आजी, पाणी' म्हणाला तर तिनं 'आजीला पाणी हवं?' म्हणायचं, त्याच्या दोन शब्दांचे तीन करून परत द्यायचे. आमच्या शास्त्रात या रीतीला नाव आहे, आजीला त्याची गरज पडली नाही.

उलट हट्टही येतो. एका घरात वडील विचारत होते, "कन्नड बंद करू का? आपली मराठी तरी टिकेल." त्यांचा रोख मला कळतो, मीही याच गावची. पण त्यांच्या मुलीच्या दोन्ही मैत्रिणी कन्नड बोलणाऱ्या. सीमाप्रश्न २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. लगोरी तर रोज संध्याकाळी असते. मी नाही म्हटलं. ते पुन्हा आले नाहीत.

चार वर्षांचा तो मुलगा येत राहिला. बरा झाला असं म्हणणार नाही. सहाव्या वर्षी पाच-सहा शब्दांची वाक्यं करू लागला. गोष्ट सांगताना अजून धागा सुटे, शाळेत मदत लागेच. आता हा अभ्यासक्रम चार वर्षांचा झालाय, शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं, आणि अशा शिकाऊ मुली माझ्याकडेही येतात. त्यांतली एक त्याचा नमुना लिहून घेत होती. तो तिला शाळेची बस चुकल्याचं सांगत होता, "अक्का, बस होय्तु, मी रडलो नाय."

ती पेन्सिल धरून थांबली. "मॅडम, हे मराठीच्या कागदावर लिहू की कन्नडच्या?"

"दोन्हीवर लिही," म्हटलं.