पीएच.डी. झाली, आता पुढे काय?

"पीएच.डी. झाली ना? मग अजून शिकतेच आहे का?" काचीगुड्यापासून कुकटपल्लीपर्यंत ज्या ज्या मराठी घरी जावे, तिथे मला हा प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारे आपुलकीनेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर उत्तर देते.

आमच्या लेकीने इथेच हैदराबादेत इम्युनॉलॉजीत, म्हणजे रोगप्रतिकारशास्त्रात, पीएच.डी. केली. आपले शरीर आपले कोण आणि परके कोण हे कसे ओळखते, याचा हा अभ्यास. ही ओळख चुकली की संरक्षण करणाऱ्या पेशी आपल्याच सांध्यांवर उलटतात. माझ्या सासूबाईंचा आमवात त्यातलाच. आजीची वाकडी झालेली बोटे बघतच ती लहानाची मोठी झाली, त्यामुळे तिने हा विषय का निवडला हे आम्हाला कधी विचारावे लागले नाही.

आता तिला पोस्टडॉकसाठी युरोपात जायचे आहे. पोस्टडॉक ही पदवी नाही आणि कायमची नोकरीही नाही. तालीम पूर्ण झालेल्या गायकाने स्वतःचे गाणे शोधायला बाहेर पडावे, तसे हे दिवस. पगार मिळतो, पण मुदतीचा.

तिने मेरी क्युरी यांच्या नावाच्या युरोपीय फेलोशिपसाठी अर्ज केला आहे. अर्जदार कोणत्याही देशाचा चालतो, मात्र पीएच.डी.नंतरचा संशोधनाचा अनुभव 8 वर्षांपेक्षा जास्त नसावा. ज्या देशात जायचे, तिथे आधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांहून अधिक राहिलेले नसावे. थोडक्यात, घर सोडणे ही अटच आहे. याच योजनेतून स्पेनचा एखादा संशोधक इम्युनॉलॉजीसाठी अमेरिकेत गेला, तर नंतर त्याला युरोपात परतून एक वर्ष काम करावे लागते. जाणे आणि परत येणे, दोन्ही त्यात धरलेले असते. संशोधकाचे कुटुंब असेल तर वेगळा भत्ताही मिळतो. लग्नाची काळजी करणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगते.

ही वाट आपल्यासाठी नवी नाही. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी 1949 साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. त्यांचे मार्गदर्शक डॉ. खानोलकर यांनीच त्यांना परदेशी जायला प्रोत्साहन दिले. फेलोशिप घेऊन त्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याचे तंत्र शिकल्या. मग मुंबईला परतून त्यांनी तशी प्रयोगशाळा उभी केली. पुढे कर्करोगाबरोबर कुष्ठरोगाच्या लसीवरही काम केले. 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ती पोस्टडॉकची वर्षे अशी कामी आली.

परतणाऱ्यांसाठी आज सोयीही आहेत. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी फेलोशिप परदेशातून येणाऱ्या शास्त्रज्ञांसाठीच आहे. याच विभागाने आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टने मिळून 2008 साली सुरू केलेल्या इंडिया अलायन्सची कचेरी तर आपल्या बंजारा हिल्समध्ये आहे. तरुण संशोधकांना स्वतःचे काम उभे करायला ती मदत करते. आपल्या मुलांना दूरच्या विद्यापीठांची नावे पाठ असतात. गावातली ही कचेरीही त्यांना माहीत असावी.

तरीही खात्री कशाचीच नसते. निवड थोड्यांचीच होते, आणि परतल्यावर कायमची जागा मिळेलच असे नाही. सासूबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्यामुळे दोन वर्षे हा काळ आम्हाला लहान वाटत नाही. हे सगळे आम्ही लेकीसमोर बोललो. तिचे बाबा म्हणाले, "आमच्या वयाचा हिशेब तुझ्या अर्जात धरू नकोस." ते ऐकून ती रडली, मीही रडले, पण अर्ज गेला.

तुमच्या घरात असे कुणी असेल, तर "कधी संपणार?" याऐवजी "काय शोधते आहेस?" एवढे विचारून पाहा. आमच्याकडे त्या एका प्रश्नावर रात्रीचे जेवण तासभर लांबते आणि सासूबाईही कान देऊन ऐकतात.