हिरवा म्हणजे कोणता हिरवा?

‘स्थितिस्थापकता’ हा शब्द शालेय विज्ञानाच्या पुस्तकात भेटतो आणि परीक्षा आटोपली की आपण त्याला विसरतो. वस्तुतः तो आपल्या परिभाषेतील अत्यंत नेमका शब्द आहे. बाह्य बल दूर होताच पूर्वीची स्थिती पुन्हा स्थापन करणारा जो गुण, तो स्थितिस्थापकता. रॉबर्ट हूक याने १६७८ साली या विषयावर जे व्याख्यान प्रसिद्ध केले त्याच्या लॅटिन शीर्षकाचा अर्थही जवळपास हाच, पूर्ववत करणारी शक्ती. दोन वर्षे आधी, १६७६ मध्ये, त्याने आपला सिद्धांत केवळ अक्षरांच्या कोड्यातून छापला होता. वाक्यातील सगळी अक्षरे वर्णानुक्रमे लावलेली, वाक्य मात्र गुलदस्त्यात! शोधाचे श्रेय सुरक्षित राहावे आणि शोध मात्र कुणाच्या हाती लागू नये, अशी ती युक्ती होती. विज्ञानाच्या इतिहासातील या कूटाकडे साहित्याच्या अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे, असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे. असो.

आम्हांला या कोड्याची आठवण झाली ती एका वेगळ्याच कोड्यामुळे. आमच्या थोरल्या बंधूंचे भोसरीला लहानसे टूलरूम आहे. प्रेसच्या डाय आणि प्लॅस्टिकचे मोल्ड तेथे बनतात. वसाहतीची सुट्टी गुरुवारी आणि महाविद्यालयाची रविवारी, त्यामुळे गेली कित्येक वर्षे आमचे रविवार दादांच्या पत्रव्यवहारात जातात. डाय-स्प्रिंगविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार एवढाच.

डाय-स्प्रिंग म्हणजे पेनमधील स्प्रिंगची थोरली बहीण नव्हे. तिची तार गोल नसून चपटी, आयताकृती छेदाची असते. कारण तेवढ्याच जागेत तिला अधिक भार सोसायचा असतो. क्रोम-व्हॅनेडियम किंवा क्रोम-सिलिकॉन पोलादाची ही तार गुंडाळून, दोन्ही टोके बंद करून सपाट घासतात आणि बारीक छर्‍यांचा मारा करून पृष्ठभाग पक्का करतात, म्हणजे तिला लवकर तडा जात नाही. एखादा प्रेस मिनिटाला साठ वेळा खाली येत असेल, तर आठ तासांच्या पाळीत स्प्रिंग अठ्ठावीस हजार आठशे वेळा दबते आणि तितक्याच वेळा उठते. दहा लाखांचा आकडा पस्तीस पाळ्यांत गाठला जातो.

आता निवड कशी करावी? नवखा माणूस रंगापासून सुरुवात करतो. दादा पत्र्यापासून करतात. समजा, दोन मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी पत्र्यातून पन्नास मिलिमीटर व्यासाची चकती कापायची आहे. परीघ १५७ मिलिमीटर, त्याला जाडीने आणि पत्र्याच्या कर्तनबलाने (दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३५० न्यूटन) गुणले की सुमारे अकरा टन येतात. हा कापण्याचा जोर प्रेस देतो. परंतु कापून झाल्यावर पत्रा पंचला घट्ट मिठी मारून बसतो. ती मिठी सोडवण्यासाठी स्ट्रिपर नावाची पाटी असते, आणि तिला जोर पुरवतात स्प्रिंगा. हा जोर कापण्याच्या जोराच्या दहा ते वीस टक्के धरतात. दहा टक्केच धरले तरी अकराशे किलो झाले. आठ स्प्रिंगा बसवल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला जवळजवळ एकशे चाळीस किलो.

इथपर्यंत केवळ अंकगणित आहे. खरी मेख पुढे आहे, ती चालीत. स्प्रिंग बसवतानाच थोडी दाबून बसवावी लागते. त्यावर पंच पत्र्यात शिरण्याची चाल. त्यावर पंचला पुन्हा धार लावल्यावर जी चाल वाढेल तिची सोय. या तिघांची बेरीज स्प्रिंगला पेलली पाहिजे. आंतरराष्ट्रीय मानकात (आयएसओ १०२४३) चार रंग आहेत: हलक्या भाराला हिरवा, मध्यमाला निळा, भारीला लाल आणि अतिभारीला पिवळा. शंभर मिलिमीटर लांबीची हिरवी स्प्रिंग दीर्घायुष्य हवे असेल तर तीस मिलिमीटर दाबावी, निळी पंचवीस, लाल वीस, आणि पिवळी केवळ सतरा. पिवळीची कमाल मर्यादाच पंचवीसच्या आसपास संपते. म्हणजे जी अधिक बलवान ती कमी वाकते. ‘बळकट घाला, टिकेल’ हे वाक्य आम्ही त्या वसाहतीत शेकडो वेळा ऐकले आहे, आणि बाविशीची चाल असलेल्या डायमध्ये पिवळ्या स्प्रिंगा घालून त्यांचे तुकडे गोळा करणारी माणसेही पाहिली आहेत. तेथे हिरव्या किंवा निळ्या स्प्रिंगा संख्येने अधिक घालणे, नाहीतर अधिक लांबीच्या घेणे, हाच मार्ग असतो. आणि त्यासाठी डायमध्ये जागा राखून ठेवण्याचे शहाणपण आरेखनाच्या वेळीच दाखवावे लागते. लांब स्प्रिंग ग्राइंडरवर कापून आखूड करणे हा तर गुन्हाच. तिचे सपाट बसणारे टोक जाते आणि उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते. (लेख असा कापता येतो, संपादकांनी गैरसमज करून घेऊ नये.)

मोल्डचे प्रकरण तुलनेने सौम्य. तेथे स्प्रिंगेने इजेक्टरची पाटी परत मागे न्यायची असते, भार कमी आणि चाल मोठी. मोल्ड बंद होण्यापूर्वी पाटी मागे पोहोचली म्हणजे झाले.

आता ते कोडे. गेल्या वर्षी दादांकडे एका कंपनीची डाय दुरुस्तीला आली. सोबतच्या आरेखनात स्प्रिंगांचे माप होते आणि पुढे एकच शब्द, हिरवी. दादांच्या कारागिराने कपाटातल्या आठ हिरव्या स्प्रिंगा बसवल्या. चाचणीत पहिल्याच ठोक्याला पत्रा पंचला चिकटून वर गेला. मदतनीस मुलाचा हात सवयीने पुढे झाला. दादांनी त्याची कॉलर धरून त्याला मागे खेचले, तेवढ्यात दुसरा ठोका तिरक्या पत्र्यावर पडला आणि पंच तुटला. पंच नवा करता येतो. त्या मुलाची बोटे तेव्हा दहाच होती आणि आजही दहाच आहेत, एवढे लिहून आम्ही पुढे जातो. त्या वसाहतीत सर्वांविषयी असे लिहिता येत नाही.

आरेखन मुळात अमेरिकन होते. अमेरिकन पद्धतीत निळा मध्यम, लाल त्याहून भारी, सोनेरी आणखी भारी, आणि हिरवा सर्वांत भारी! त्या हिरव्याचा जोर आपल्या कपाटातील हिरव्याच्या कित्येक पट. जपानी पद्धतीत तर पिवळा सर्वांत हलका, हिरवा भारी आणि त्याच्याही वर तपकिरी. सोस्यूरची चिन्हकाची यादृच्छिकता आम्ही दरवर्षी एम.ए.च्या वर्गात झाड आणि घोडा यांच्या उदाहरणाने शिकवतो. एकच चिन्हक तीन व्यवस्थांत तीन जागी बसते आणि त्याचे मूल्य शेजारच्या चिन्हांवरून ठरते, हे इतके ढळढळीत उदाहरण आमच्याच भावाच्या कपाटात पडून होते. त्यात सिग्नलच्या दिव्यांनी आपल्या डोळ्यांना हिरवा म्हणजे निर्धोक असे शिकवून ठेवलेले.

कंपनीने पंचची किंमत बिलातून कापली. तिला लिहायच्या पत्राचा मसुदा आम्ही केला. ‘रंगनामाच्या संदिग्धतेमुळे’ अशी आमची सुरुवात होती. दादांनी ती वाचली आणि म्हणाले, “मास्तर, तुझं मराठी राहू दे बाजूला. मानकाचा नंबर, भोकाचा व्यास, दांड्याचा व्यास, लांबी, आणि दर मिलिमीटरला किती न्यूटन. रंग शेवटी, कंसात.” तसेच पत्र गेले. कापलेली रक्कम परत मिळाली नाही. सुधारित आरेखन मात्र तीन आठवड्यांनी आले, त्यात न्यूटनचा आकडा होता. त्या आकड्याला जुळणार्‍या आठ स्प्रिंगा मागवल्या, त्या निघाल्या पिवळ्या. चाल पुरेशी भरते का हे दादांनी दोनदा मोजून पाहिले आणि मग त्या बसवल्या. त्या मुलाने आता प्रत्येक डायच्या पेटीवर स्प्रिंगेच्या रंगासोबत मानकाचे नाव खडूने लिहावयास सुरुवात केली आहे. ‘आयएसओ’ तो बिनचूक लिहितो, ‘अमेरिकन’मधली वेलांटी मात्र दर वेळी दीर्घ.