फुली म्हणजे होय

तुम्ही म्हणाल, सिनेमा पाहायला टीव्ही असतो, मग मध्येच खेळण्याचे यंत्र कशाला? पण आमच्या सावेडीच्या घरातला टीव्ही जुन्या वळणाचा. केबलपलीकडे जग आहे हे त्याला ठाऊकच नव्हते. 2020 च्या टाळेबंदीत नवा आणायला दुकान उघडे नव्हते, आणि खरे सांगायचे तर खिसाही. त्या उन्हाळ्यात भाचा नगरला आमच्याकडे अडकला, आणि त्याच्याबरोबर त्याचे प्लेस्टेशन 3.

हे यंत्र 2006 साली जपान-अमेरिकेत निघाले, 2007 मध्ये आपल्याकडे आले. वजन लाडवांच्या भरल्या डब्याएवढे, आणि वीज छताच्या दोन पंख्यांइतकी. अमेरिकेत 2009 साली त्यावर नेटफ्लिक्स पाहायचे तर आधी पोस्टाने एक तबकडी मागवून आत सरकवावी लागे. तारेतून येणाऱ्या सिनेमालाही पोस्टमनची ओळख लागायची! हे ऐकल्यापासून मला त्या यंत्राविषयी आपुलकी वाटू लागली.

प्रश्न अण्णांचा होता. आमचे वडील पाथर्डी तालुक्यात पस्तीस वर्षे गणिताचे मास्तर. या यंत्राला टीव्हीचा साधा रिमोट चालत नाही, इन्फ्रारेड ओळखणारा डोळाच त्याला नाही. दोन्ही हातांत धरायचा कंट्रोलर, त्यावर त्रिकोण, चौकोन, गोल आणि फुली. भूमिती पाहून अण्णा खूष झाले. पण "फुली म्हणजे होय, गोल म्हणजे मागे," असे भाच्याने सांगताच त्यांनी हात आखडला.

"अरे, जन्मभर चुकीच्या उत्तरावर फुली मारली मी!"

"आजोबा, जपानात गोल म्हणजेच होय. बाहेरच्या देशांसाठी त्यांनी उलटं केलं."

"मग जपानी का नाही आणलंस?"

शेवटी भाच्याने फुली दाबली आणि यूट्यूबवर प्रभातचा 1936 चा 'संत तुकाराम' लागला. अण्णांनी तो मढीच्या यात्रेत, तंबूत पाहिला होता, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. "तुझी आई बायकांच्या बाजूला, मी पुरुषांच्या. मधे कनात. बरोबर गेलो, पण बरोबर पाहिला नाही." आईला जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. शेजारच्या खुर्चीवर मी वर्तमानपत्र ठेवले होते, ते त्यांनी उचलून खाली ठेवले.

शेवटी विमान आले, आणि नेमके तिथेच चित्र थिजले. मधोमध ते चक्र फिरू लागले. भाचा राउटरकडे धावला.

"राहू दे रे," अण्णा म्हणाले. "थांबू दे जरा विमान. जिजाईला यायला वेळ मिळेल."

आम्ही कुणीच काही बोललो नाही. यंत्राचा पंखा तेवढा घरघरत होता. चित्र काही हलेना, तेव्हा अण्णांनी चष्मा पुसला, कंट्रोलर घेतला आणि स्वतःच फुली दाबली.

दुसऱ्या दिवशी त्यांची फर्माईश 'संत ज्ञानेश्वर'ची होती. ज्ञानेश्वरी नेवाशाला सांगितली गेली, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा हा सिनेमा तरी न अडकता येईल, असा त्यांचा हिशेब.